जिन्याच्या वळणावरची बैठक

खुर्च्या कुणाच्या घरातल्या आणायच्या, यावरच रविवारची सकाळ गेली.

खालच्या मजल्यावरच्या आणल्या तर हेरंबकाका म्हणणार, मी दादाच्या खुर्चीत बसणार नाही. वरच्या आणल्या तर बाबा बसणार नाहीत. शेवटी कृतिकाताईने समोरच्या अरोरांकडून चार निळ्या प्लास्टिकच्या खुर्च्या मागून आणल्या आणि जिन्याच्या वळणावर मांडल्या. खालून जेवढ्या पायऱ्या चढाव्या लागतात, वरून तेवढ्याच उतराव्या लागतात, म्हणून ते वळण. दिनकर आजोबांनी फरीदाबादचं हे घर बांधलं तेव्हा त्या वळणावर तुळशीची कुंडी ठेवली होती. ती आता गेटपाशी गेली होती आणि तिच्या जागी शांतता परिषद भरणार होती.

"चहा?" इशिताने विचारलं.

"दोन्हीकडून येईल. आपापला," कृतिकाताई म्हणाली. "सुनीतीआत्या दोन्ही पिईल."

"ॲसिडिटी होईल तिला."

"होऊ दे. ती बैठकीची चेअर आहे."

कृतिकाताई एम.ए.च्या शेवटच्या वर्षाला होती. विषय इंटरनॅशनल पॉलिटिक्स. रोज मेट्रोने दिल्लीला जायची, संध्याकाळी चेहरा पाडून परत यायची आणि जेवताना असं काहीतरी बोलायची की बाबांची मान आपोआप डोलायची. बाबा सगळ्यांना सांगत, मुलगी फॉरेन सर्व्हिसची तयारी करतेय. मुलगी तसली काहीच तयारी करत नव्हती. तिला नद्यांवर डिसर्टेशन लिहायचं होतं. दोन देश, मधून एक नदी, आणि त्या पाण्यावरून भांडण. इशिताला वाटायचं, त्यासाठी एवढी फी कशाला भरायची? घरात बसून लिही की.

कारण घरातही तेच चाललं होतं.

बोअरच्या मोटरचं बटण खाली, आईच्या स्वयंपाकघरात. टाकी वर गच्चीवर, आणि खालच्या नळांना पाणी सोडायचा वॉल्व्हही तिथेच. बटण दाबल्याशिवाय वर पाणी नाही, वॉल्व्ह उघडल्याशिवाय खाली पाणी नाही. आजोबांनी ही सोय मुद्दाम केली होती की प्लंबरने घोळ घातला होता, हे आता कोण सांगणार? राखीपर्यंत सगळं ठीक चाललं होतं. मग इशिताचा धोबीघाट आडवा आला.

अकरावीत शाळा सोडल्यापासून ती दिल्लीच्या सरोजिनी नगर बाजारातून एक्स्पोर्टच्या मालाची बोचकी आणायची. गच्चीवर टबात कपडे भिजवायची, धुवायची, इस्त्री करायची आणि फोनवर व्हिडिओ टाकून विकायची. माल ठेवायला गच्चीवरची छोटी खोली होती. राखीच्या आदल्या दिवशी काका मानेसरहून कंपनीच्या बसने आला, आंघोळीला बसला, डोक्याला साबण लावला आणि नळ कोरडा. तसाच टॉवेल गुंडाळून बाहेर आला आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असा ओरडला, "शाळा सोडून हिने धोबीघाट काढलाय!"

"आधी टॉवेल घट्ट बांध, मग बोल," इशिता म्हणाली होती.

अरोरा आंटी हसल्या. ते हसणं काका विसरला नाही. त्याच संध्याकाळी गच्चीला कुलूप लागलं आणि चावी काकाच्या खिशात गेली. बाबा भांडायला वर गेले, त्यावर आणखी चार शब्द झाले. दुसऱ्या दिवशी सुनीतीआत्याने एक राखी खाली बांधली आणि एक वर बांधली. दिवाळीचा फराळसुद्धा दोन मजल्यांवर वेगवेगळा झाला.

आता हवेत गारवा आला होता आणि इशिताची सगळी जॅकेटं त्या खोलीत बंद होती. उन्हाळ्यात, कुणी ढुंकून बघत नव्हतं तेव्हा, स्वस्तात घेतलेली. थंडी सुरू झाली की ती विकायची हा तिचा एकुलता एक प्लॅन. थंडी गेली तर पुढच्या वर्षापर्यंत ती जॅकेटं म्हणजे नुसत्या गाद्या.

"खोली तुला मिळवून देते," कृतिकाताई तिला म्हणाली होती. "माझी एकच अट. तू पायरीवर बसायचंस आणि तोंड उघडायचं नाही."

"आणि कुणी काही बोललं तर?"

"गिळायचं."

"तू गिळतेस?"

"मी दोन वर्षं तेच शिकतेय," ताई म्हणाली.

---

बैठक सुरू झाली तेव्हा काका वरून उतरला, बाबा खालून चढले, आणि दोघं एकाच वेळी खुर्चीत टेकले. आधी कुणी बसायचं नाही, हेही ताईने ठरवून ठेवलं होतं. मध्ये सुनीतीआत्या, सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरमधून फाइल घेऊन आल्यासारखी ताठ. चौथ्या खुर्चीत ताई. आई खालच्या दारात उभी होती, सुहासिनीकाकू वरच्या. इशिता पायरीवर.

"ताई, त्याला सांग," बाबा सुनीतीआत्याला म्हणाले, "गच्ची वडिलांची आहे. एकट्याची नाही."

"ताई, त्याला सांग," काका म्हणाला, "वडिलांची टाकी मार्केटचे कपडे धुवायला नव्हती."

"अरे, हा इथे बसलाय. हात लांब केलास तर लागेल त्याला," आत्या म्हणाली. "मला कशाला सांगतोस?"

"तू सांग."

आत्याने खालच्या चहाचा घोट घेतला, मग वरच्या चहाचा. "वृंदा, साखर जास्त झालीय. सुहासिनी, तुझ्यात आलं छान."

वरच्या दारात काकू हसली. खालच्या दारात आईने पदर सारखा केला.

ताईने आधी दोघांना काय काय हवंय ते नाही विचारलं. तिने विचारलं, काय केलं तर चालेल. हे तिचं कॉलेजचं काहीतरी होतं. काका फिस्कारला, "युनोच्या मॅडम, सरळ बोला ना." पण बोलायला लागला. पाणी संध्याकाळी हवं, आंघोळीला. टब गच्चीच्या मधोमध नकोत. मोरीत दोरे जातात, मोरी तुंबते. बाबा म्हणाले, टब कडेला ठेवू. ताई म्हणाली, मोरीला जाळी बसवू. काका म्हणाला, जाळी कोण साफ करणार? आत्या म्हणाली, जी दोरे टाकते ती. सगळ्यांनी इशिताकडे बघितलं. तिने मान हलवली. तोंड उघडलं नाही.

चाललं होतं. खरंच चाललं होतं. काकाने खिशात हात घातला आणि चावीचा आवाज आला. इशिताला बोचक्यातलं ते नेव्ही ब्लू जॅकेटसुद्धा दिसायला लागलं, जे ती सगळ्यात आधी विकणार होती.

"तसं आम्हाला खालच्यांची गरज कधी पडली नाही," काका म्हणाला. चावी हातात, पण मुठीत. "राखीपासून आमचं आम्ही भागवतोय."

"ताई, आमचंही भागलंय म्हणावं," बाबा म्हणाले. "कुणाच्या दारात गेलो नाही."

"बरोबर," कृतिकाताई म्हणाली. "दोघंही स्वतंत्रपणे मॅनेज करताय. कुणी कुणाचं देणं लागत नाही. तिथूनच पुढे जाऊ."

इशिताची कानशिलं तापली. स्वतंत्रपणे? ती दिवसभर घरी असायची. तिला माहीत होतं. दुपारी वरून काकू पाइपवर उलथनं वाजवायची, टणटण दोनदा, की आई खाली मोटर लावायची. टाकी भरली की एकदाच टण, आई बंद करायची. मग आई खालून लाटण्याने वाजवायची आणि काकू गच्चीवर जाऊन वॉल्व्ह उघडायची. काका कामावर जाताना चावी खिशात घालून न्यायचा, पण काकूने केव्हाच दुसरी करून घेतली होती. तिने जॅकेटं काढून दिली असती तर मात्र काकाला लगेच कळलं असतं. घरातले दोन्ही पुरुष ज्या पाण्याने आंघोळ करून एकमेकांवर रुसायला बाहेर पडायचे, ते पाणी त्या दोघी भरायच्या. आणि ही शिकलेली ताई, रोज नऊला मेट्रो पकडणारी, हिला काही पत्ता नाही!

तरी तिने गिळलं. खरंच गिळलं.

"पोरीला देऊन टाकतो खोली," काका म्हणाला आणि मूठ उघडली. "शाळा झेपली नाही, निदान चिंध्या तरी विकू दे."

"चिंध्या?" इशिता उभी राहिली. "तुझी टाकी कोण भरतं रे काका?"

"इशू," ताई म्हणाली.

"नाही, सांगू दे ना! म्हणे आमचं आम्ही भागवतो! काकू पाइप वाजवते तेव्हा आई मोटर लावते. राखीपासून रोज. गच्चीची दुसरी चावी काकूकडे आहे. तुम्ही दोघं काय भागवलंत? तोंडं फुगवलीत फक्त!"



काकाने वर बघितलं. "हे खरंय?"

काकू दारातून हलली नाही. "हो."

बाबांनी खाली बघितलं.  आई आत गेली आणि दाराची कडी लावल्याचा आवाज आला. वर काकूनेही तेच केलं.

"ताई, विचार त्याला," काका आत्याला म्हणाला, "त्याला माहीत होतं का?"

"सांग त्याला, मला माहीत असतं तर मी एक थेंब वर जाऊ दिला असता का?"

"म्हणजे दोघांनाही येडं बनवलं."

"दोघांनाही."

राखीनंतर पहिल्यांदा ते दोघं कशावर तरी एकमत झाले होते, आणि तेसुद्धा बायकांच्या विरुद्ध. आत्या हसायला लागली. तिच्या हातातला चहा बशीत सांडला. पण ती एकटीच हसत होती. काकाने मूठ मिटली, चावी खिशात टाकली आणि वर चढताना म्हणाला, "प्रॉपर्टी डीलरला फोन करतो. वरचा मजला विकून टाकतो एकदाचा. मानेसरला फ्लॅट घेतला की रोजची बसही सुटेल."

---

दुपारची जेवणं झाली. आत्या सिंकपाशी गेली आणि नळ फिरवून म्हणाली, "अरे, पाणी?"

पाणी नव्हतं. वरून उलथनं वाजलं नव्हतं. आई आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून आडवी झाली होती. बाबा पेपर वाचत होते, तोही कालचा.

"मोटर लाव ना," इशिता आईला म्हणाली.

"मी नाही हात लावणार. लावा तुमची तुम्ही."

"बाबा?"

"त्याची टाकी मी भरू?"

इशिताने स्वतःच बटण दाबलं. मोटर घुरघुरली. एवढं सोपं तर होतं! मोटर चालू ठेवून ती बराच वेळ फोन बघत बसली आणि मग जिन्याच्या वळणावर गेली. कृतिकाताई तिथेच त्या निळ्या खुर्चीत बसली होती, मांडीवर लॅपटॉप, स्क्रीन काळी.

"बोल," इशिता म्हणाली. "ओरड माझ्यावर. पण तुला खरं तरी कळलं की नाही? तुझ्या पुस्तकात नव्हतं ना हे?"

ताईने तिच्याकडे बघितलं. चिडली नव्हती, हे जास्त वाईट होतं.

"मला माहीत होतं," ती म्हणाली.

"काय?"

"पाइपचं. तू गणपतीत पुण्याला गेली होतीस ना, आईला ताप होता, तेव्हा लाटण्याने मीच वाजवलंय."

इशिता पायरीवर बसली. "मग तू त्यांना म्हणालीस कशाला, स्वतंत्रपणे मॅनेज करताय म्हणून?"

"कारण ते त्यांना ऐकायचं होतं. इशू, माझं अख्खं डिसर्टेशन काय आहे? दोन देश. वर बोलणी बंद, भाषणं, झेंडे, सगळं. आणि नदीवरचे दोन इंजिनिअर एकमेकांना फोन करतात, आमच्याकडे पाणी वाढलंय, तुमची माणसं हलवा. त्या फोनवर गावं वाचतात. आणि तो फोन चालतो कशामुळे? वरच्यांना तो दिसत नाही म्हणून. किंवा दिसतो, पण ते बघत नाहीत. एकदा का कुणी माइकवर सांगितलं की बघा, हे बोलतात, की झालं. मग त्यांना तो बंद करावाच लागतो."

"म्हणजे ही मीटिंग नाटक होती?"

"नाटक नव्हतं. काकाला चावी द्यायला एक जागा हवी होती, जिथे तो हरला असं दिसणार नाही. तेवढीच जागा बनवली मी. पंधरा दिवस लागले. आत्याला दोनदा जाऊन भेटले."

"मग मला का नाही सांगितलंस?"

ताईने लॅपटॉप मिटला.

"सांग ना. का नाही सांगितलंस?"

"तुला सांगितलं असतं तर तू गप्प बसली असतीस?"

इशिताला काहीतरी फेकावंसं वाटलं, पण जवळ प्लास्टिकच्या खुर्चीशिवाय काही नव्हतं, आणि ती अरोरांची होती. "तुम्हाला सगळ्यांना वाटतं मी म्हणजे नुसतं तोंड आहे," ती म्हणाली. "शाळेतही हेच. घरातही हेच. मी बघते, मला दिसतं, पण मला कुणी काही सांगत नाही. आणि मग मी बोलले की—"

ती थांबली. तिचा पाय ओला झाला होता.

वरच्या पायरीवरून पाण्याची एक बारीक धार येत होती. मग ती रुंद झाली. मग ती सरळ निळ्या खुर्चीखालून वाहत खाली गेली.

"मोटर कुणी लावलीय?" ताईने विचारलं.

मोटर लावलेली होती, पण टाकी भरली हे सांगायला आज कुणी पाइपवर वाजवणार नव्हतं. इशिताला सगळं एकदम दिसलं. टाकी वाहतेय. गच्ची भरलीय. मोरी तिच्याच कपड्यांच्या दोऱ्यांनी तुंबलीय. आणि गच्चीच्या खोलीला उंबरा नाही.

ती दोन-दोन पायऱ्या चढत वर गेली आणि काकाचं दार दोन्ही हातांनी बडवलं. "काका! चावी! माझी जॅकेटं!"

काकाने दार उघडलं. झोपेतून उठला होता, गंजी उलटी. त्याने तिच्याकडे बघितलं, तिच्या पायांकडे बघितलं आणि एक शब्द न बोलता गच्चीकडे धावला. कुलूप उघडताना त्याचा हात घसरला, मागून काकूने आपली चावी पुढे केली. त्याने ती घेतली. त्या चावीनेच कुलूप उघडलं.

गच्चीवर घोट्यापर्यंत पाणी. टाकीच्या तोंडातून बदाबदा पडत होतं. काका कठड्यापाशी गेला, वाकला आणि पोटातून ओरडला,

"दादाऽ! मोटर बंद कर!"

खालून लगेच, "करतो, करतो!"

मोटर थांबली. मग एकदम शांत झालं, फक्त पाणी कुठे कुठे ठिबकत होतं. काका मोरीपाशी उकिडवा बसला, पाण्यात कोपरापर्यंत हात घातला आणि दोऱ्यांचा एक मोठा गोळा बाहेर काढला. लाल, काळे, नेव्ही ब्लू. तो त्याने इशिताच्या समोर धरला.  पाणी गुडगुड करत जायला लागलं.

खोलीतली खालची तीन बोचकी भिजली होती. वरची कोरडी होती. काकाने एक बोचकं उचललं, ते पाण्याने जड झालं होतं. दुसरं टोक बाबांनी धरलं. बाबा वर केव्हा आले, कुणी बघितलं नव्हतं. राखीनंतर पहिल्यांदाच ते गच्चीवर आले होते. दोघांनी मिळून बोचकी कठड्यावर टाकली. बोलले काही नाहीत, पण "जरा तिकडून" आणि "थांब, सुटतंय" एवढं झालं, आणि ते आत्यामार्फत झालं नाही.

"हे पुन्हा धुवायला लागणार," काका म्हणाला.

"हो," इशिता म्हणाली. मग तिने ते म्हटलं, अडखळत, कारण तिला ते म्हणायची सवय नव्हती. "मी सगळ्यांसमोर बोलायला नको होतं. तुझ्यासाठी नाही म्हणत. काकूसाठी म्हणते."

काकू कठड्यावरचं एक जॅकेट पिळत होती. "मला सॉरी नको," ती म्हणाली. "मी आता उलथनं वाजवणार नाही. वहिनीही बटण दाबणार नाहीत. रोज दुपारी कान लावून बसायचं, कुणी बघतंय का ते बघायचं. पुरे झालं. ज्यांची टाकी त्यांनी भरावी."

"अगं, पण मी मानेसरला असतो दिवसभर," काका म्हणाला.

"मग सकाळी भरा. बसच्या आधी."

"आणि वर भरली हे खाली कोण सांगणार?"

 जिन्याच्या दारात कृतिकाताई उभी होती, लॅपटॉप छातीशी धरून. तिला काहीतरी लिहायचं होतं खरं, पण आत्ता तीसुद्धा नुसती बघत होती. काकाने कुलपातली काकूची चावी काढली, आणि खिशातली आपली. दोन्ही हातात घेऊन त्याने जरा वेळ वजन केल्यासारखं केलं. मग काकूची काकूला दिली, आणि आपली खोलीच्या दाराजवळच्या खिळ्याला टांगली.

"हिला बसवा," तो म्हणाला. "सकाळी वर यायचं, वॉल्व्ह फिरवायचा, टाकीत बघायचं, भरली की ओरडायचं. तोंड आहेच."

"आणि टब?" इशिताने विचारलं.

"कडेला. आणि जाळी लावून."

"आणि चिंध्या?"

 भिजलेल्या बोचक्यातून काकाने ते नेव्ही ब्लू जॅकेट ओढून काढलं, बाहीची शिवण उलटून बघितली, फॅक्टरीत माल तपासतो तशी, आणि कठड्यावर नीट पसरून ठेवलं.

---

दुसऱ्या दिवशी सकाळी काका घाईघाईत आंघोळ उरकून खाली गेटपाशी बसची वाट बघत उभा होता. बाबा स्वयंपाकघरात बटणावर बोट ठेवून. आई आणि काकू वळणावरच्या निळ्या खुर्च्यांत बसल्या होत्या, अरोरांनी खुर्च्या मागितल्या नव्हत्या अजून. चहा एकाच पातेल्यातला होता, साखर कमी आणि आलं भरपूर. कृतिकाताई बॅग खांद्याला लावून त्यांच्यामधून वाट काढत उतरली आणि मेट्रो चुकणार हे माहीत असूनही गेटपाशी थांबली.

वर इशिता टाकीत वाकून बघत होती. पाणी चढलं. अजून चढलं. काठाला लागलं.

तिने कठड्यावर दोन्ही हात टेकले आणि छाती भरून ओरडली, "भरलीऽऽ!"

गल्लीतली चार कुत्री भुंकली. अरोरा आंटींची खिडकी उघडली. खाली मोटर थांबली.

"ऐकू आलं गं!" गेटवरून काका ओरडला. "मानेसरपर्यंत ऐकू आलं!"